दीड मीटर पांढरं कापड

वेंगुर्ल्याच्या बाजारात
पांढरं फ्लॅनेल मागितलं, दीड मीटर,
तर कापडवाल्या शेणईंनी हातातली पट्टी खाली ठेवली.
"कोण गेला गो?"
"कोणी नाही. गवतावरून ओढायचंय."
त्यांनी कापड फाडलं, पैसे मोजले,
आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत बघत राहिले.

वरच्या धनगरवाडीत काजूखालचं गवत
मार्चमध्येच कडकडीत.
मोजे पॅन्टवर ओढून, कापडाला काठी शिवून मी चालते.
दहा पावलं. थांबायचं, उलटायचं, बघायचं.
दहा पावलं.
बांधावर बसून धाकू वरक विचारतो,
"जमीन पुसतंस काय गो?"

गवताच्या टोकावर गोचीड
पुढचे दोन पाय उचलून बसलेली असते.
तिला डोळे नाहीत.
नाक आहे, तेही पायात.
माझा श्वास माझ्याआधी तिच्यापाशी पोचतो.
शोधायला आलेय मी
आणि सापडलेयही मीच, केव्हाची.

लेबलं पेन्सिलीनं लिहायची,
अल्कोहोल शाईला टिकू देत नाही.
काजू, उत्तरेचा बांध: सात.
गोठा, तांबडी गाय, कानामागे: अकरा.
वासरू, चांदी: चार.
वासराचं नाव लिहायची गरज नव्हती.
यमीनं आतून ओरडून सांगितलं म्हणून लिहिलं.

यमी घोंगडीखाली. तापाचा अकरावा दिवस.
मलेरिया नाही. डेंग्यू नाही. लेप्टो नाही.
तीन वेळा 'नाही' ऐकून तिची आई
देवाला कौल लावून आली होती,
आणि देवानं उजवा दिला होता.
मग परुळेकर डॉक्टरीणबाईंनी पोरीची वेणी सोडली.
कानामागे, केसांच्या मुळाशी
एक काळी खपली,
उदबत्तीनं पोळल्यासारखी.
"रिपोर्टची वाट बघायची नाही," म्हणाल्या,
आणि त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू केल्या.

माझं काम त्यानंतरचं. उशिराचं.
चांदीच्या चार गोचिडी वाटायच्या, गाळायच्या,
तो थेंब तापवायचा, निववायचा, चाळीस वेळा,
जोवर आतल्या जंतूची सही
वाचता येण्याइतकी मोठी होत नाही.
शेवटच्या नळीत मी नुसतं पाणी घालते.
तिच्यात काही म्हणजे काही दिसता कामा नये.
ती अंधारी राहिली
तरच बाकीच्यांचा उजेड खरा.

दोनदा वीज गेली. दोनदा पहिल्यापासून.
तिसऱ्या रात्री जांभळ्या दिव्याखाली
चौथ्या घरात रेघ उमटली,
नखाच्या कडेएवढी, केशरी.
चांदी.
पाण्याचं घर काळंच.
मी एकटीच हसले,
मग यमी आठवली आणि स्टूलवर बसले थोडा वेळ.

कागद घेऊन वर गेले तेव्हा
यमी झाडावर होती, तोंडाला बोंडांचा रस.
धाकू म्हणाला, "मगे वासरू इकूचा?"
"नको. गोचीड नखानं चिरडू नका,
चिमट्यानं धरा, सरळ ओढा."
"आणि ह्या जंतवाचा नाव?"
मी सांगितलं. त्यानं दोनदा तोंडात घोळवलं,
"रिकेट्सिया… खयचो म्हणायचो हो?"
"इथलाच," मी म्हटलं,
"तुमच्या-आमच्याआधीचा असेल."
तो जरा वेळ बांधाकडे बघत राहिला,
वाटेकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर निघावं तसा.

रात्री खोलीवर, कपडे उकळत्या पाण्यात.
काखा बघितल्या, गुडघ्यामागे, बोटांच्या बेचक्यांत.
मानेमागचं आपलं आपल्याला दिसत नाही.
फिलसूमावशीला हाक मारली.
ती दिवा घेऊन आली, हाताला सुंगटांचा वास,
केस वर धरले, कान दुमडला.
"काय नाय गो."
"नीट बघ."
तिनं दिवा आणखी जवळ आणला.