ठोका चुकवून

कळंब्याच्या मैदानात त्या रात्री
मिक्सरवर मी होतो.
भाड्याचे बावीस बॉक्स, खोकणारा जनरेटर,
आणि समोर सात-आठशे पोरं,
पेठापेठांतनं आलेली, मंडळांचे टी-शर्ट घालून,
डीजे पक्या उजळाईवाडीसाठी.

पक्या यायच्या आधी वीस मिनिटं
गडहिंग्लजच्या यल्लाप्पा सनदीला दिलेली.
कमरेपर्यंत जटा.
गोव्यात शॅकमध्ये भांडी घासता घासता
रेगे शिकलेला.

तो माईकजवळ आला नि मागनं कोणीतरी ओरडलं,
'उदं गं आई उदं!'
मैदान हसलं. तोही हसला.
मला ठाऊक होतं, आत्याची जट
त्यानंच कापली होती, खोबरेल चोपडून,
अख्खी एक दुपार लागली होती.
तिची उतरवली आणि मग स्वतःची वाढवली,
हा हिशोब त्यानं कुणाला नीट सांगितलेला नाही.

गिटार वाजलं. च्यक्.
मग काहीच नाही.
च्यक्.
पोरांनी टाळ्या धरल्या
नेमक्या जिथं धरायला नकोत तिथं,
पहिल्या ठोक्यावर, लेझमीच्या सवयीनं.
रेगे पहिला ठोका जाऊ देतो,
मुरलेला मल्ल पहिली चढाई
अंगावरनं जाऊ देतो तसा.

'ए, करंट मार की!'
'झोपलास काय भावा?'
पाण्याची बाटली आली, अर्धी भरलेली,
मॉनिटरवर फुटली.

कोल्हापूरचं पब्लिक वाईट नाही.
त्याला बापानं, आज्यानं
खासबागेत मांडीवर बसवून एकच शिकवलंय,
नुरा कुस्ती ओळखायची.
दोघं आतनं मिळालेले असले
की तिसऱ्या मिनिटाला वास येतो,
मग शिव्या पडतात, चपला पडतात.
आणि खरा लढून हरला
तर त्यालाही खांद्यावर घेतात.
ते यल्लाप्पाला हुंगत होते.

आयोजक भैरू चौगुलेनं लांबूनच
गळ्यावरनं बोट फिरवलं. काप.
माझी बोटं फेडरवर.
मी गिटार काढलं. कीबोर्ड काढला. ड्रम काढला.
त्याचा गळा आणि बेस एवढंच राहिलं.
का, ते विचारू नका.
कदाचित हात थांबला असेल.

बेस पोटात शिरतो, कानात नाही.
वर त्याचा आवाज, उघडा, जरा फाटका,
सांगत होता की कात्रीकडं बघत एक बाई विचारते,
आता मला लोक काय म्हणून हाक मारतील?
गाण्यात तिचं नाव नव्हतं.

टाळ्या थांबल्या.
शिट्टी नाही, मोबाईलचे दिवे नाहीत.
एवढ्या माणसांची शांतता
मिक्सरवर दिसत नाही, सुई पडूनच राहते,
ती चांगली की वाईट
ते वीस वर्षं हे काम करूनही
मला कळलेलं नाही.

मग पुढचा एक, फुटबॉलची जर्सी घातलेला,
रागावल्यासारखा म्हणाला,
'परत घे की लेका. सुरवातीपासनं.'
'व्हय, परत!'
पन्नासेक असतील.
बाकीचे वडापावच्या गाडीकडं गेलेले.

परत झालं नाही.
दहाला पोलिसांची गाडी येणार होती.
पक्या आला, मैदान उसळलं,
मी सगळे फेडर वर नेले,
आणि तेही खोटं नव्हतं,
त्या जर्सीवाल्यानं तर शर्ट काढून गरागरा फिरवला.

अकराला गंगावेशीत
धारोष्ण दुधासाठी आम्ही उभे.
'कसं झालं?'
'बेस जरा जास्त होता,' मी म्हणालो.

गवळी धार काढत होता,
उजव्या हातानं जोरात, डाव्यानं हलकी,
बादलीत चुर्र, मग चर्र.
यल्लाप्पानं जटा मागं बांधल्या,
पेला कट्ट्यावर ठेवला
आणि मान डोलवायला लागला,
फक्त दुसऱ्या धारेवर.

म्हशीनं एकदा वळून बघितलं.