दोन थापा

हरिपूर रस्त्याला हळदीच्या जुन्या गोदामात
संध्याकाळी सहाला सर कुलूप काढतात.
दिवसा ते पोस्टात असतात,
शिक्के मारून मारून उजवा हात जरा जास्तच भरलाय त्यांचा.
आम्ही मॅट अंथरतो, एकोणचाळीस.
चाळिसावी पुरात गेली.
अंकलीच्या पुलाखाली कुणीतरी पाहिली म्हणे,
वर एक कुत्रं बसलेलं होतं.

कितीही झाडा, फटींतून हळद निघतेच.
पांढऱ्या कपड्यांचे गुडघे पिवळे, पाठ पिवळी;
रात्री आठला रिक्षास्टॉपवर
सगळेच कुणाच्या तरी हळदीतून उठून आल्यासारखे.

मी शेवटून दुसरी. वय सत्तेचाळीस, पट्टा पांढरा.
रांग पट्ट्यानं लागते, वयानं नाही,
हे पचायला पंधरा दिवस गेले.
गिरणीत मी नुसतं बघितलं तरी
बाया आपापले डबे सरळ लावतात.
इथं अलफिया शिकलगार, इयत्ता चौथी, नारिंगी पट्टा,
माझी कॉलर मुठीत धरून सांगते,
"काकू, श्वास सोडा की. तुम्ही सगळंच धरून ठेवता."

पहिला महिना नुसतं पडायलाच शिकवलं.
हनुवटी छातीला, हात सपाट, आवाज मोठा.
माझ्या शेजारी वांगीकर वकील पडत होते
आणि दर वेळी चष्मा शोधत होते.

सर "मात्ते" म्हणाले की थांबायचं.
मला अजून ते "माती" असंच ऐकू येतं.

दादांच्या तालमीत लाल माती होती,
तेल, ताक, हळद घालून मळलेली.
वास हाच.
मी उंबऱ्याबाहेर, बदामाच्या दुधाचा तांब्या घेऊन.
पोरींनी आत यायचं नाही
असं कुणी म्हटलं नाही कधी.
म्हणावं लागलंच नाही.
तांब्या आत जायचा, रिकामा होऊन यायचा,
काठाला मातीची बोटं.

दादांची थाप मला एकच ठाऊक, मांडीवरची.
तिनं सुरुवात व्हायची.

इथली थाप संपवायला.
गळ्याशी पकड बसली, सोसेना झालं,
की मॅटवर नाहीतर समोरच्याच्या अंगावर
हात मारायचा, दोनदा.
तो सोडतो. तिथल्या तिथं.
कुणी हसत नाही, का म्हणून विचारत नाही.
वकिलांनी परवा सहावीतल्या पोराला थाप मारली,
उठले, चष्मा पुसला, पुन्हा भिडले.
मी घरी जाऊन ह्याच गोष्टीचा विचार करत बसले,
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

सिव्हिलमध्ये, त्या शेवटच्या आठवड्यात,
दादांचा हात गादीवर हलायचा.
थप थप.
जरा थांबून, थप थप.
मी पाणी पाजलं. उशी बदलली.
सिस्टरला बोलावून नाकातली नळी पुन्हा नीट बसवून घेतली.
"दादा, पैलवान माणूस तुम्ही, धीर धरा," म्हणाले,
आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत
घट्ट दाबून ठेवला, हलू नये म्हणून.

आता वाटतं ते वाटतं.
नुसता हातही असेल. म्हातारपणी हलतात हात.
दादांनी जन्मात कुणापुढं थाप मारली नव्हती,
त्यांना तरी ती कुठं ठाऊक होती.

आज अलफियानं खाली घेतलं मला.
तीस किलोची पोर, छातीवर आडवी,
कोपर मानेखाली, केसांना खोबरेल तेल.
गोदामाचे पत्रे दिसत होते,
पुराच्या पाण्याची रेघ, तिच्याही वर वटवाघळं.
माझा हात मोकळा होता.
मी पडून राहिले.
डोळ्यांपुढं पिवळं, मग काळं व्हायला लागलं
तेव्हा तिनंच आपणहून सोडलं.

"काकू, मारायची ना!"
ती खरंच चिडली होती.
"मला कसं कळणार?"

मग तिनं सुटलेला पट्टा बांधला,
पिवळे तळवे कपड्याला पुसले,
आणि माझ्यासमोर येऊन, नियमाप्रमाणे,
वाकून उभी राहिली.