बोटभर

ओला केस ताणला तर रबरासारखा लांबला
आणि परत आलाच नाही.
मिल्केया म्हणाली, हे वाईट.
मग कितीतरी वेळ काही बोललीच नाही,
नुसती मागे उभी राहिली
मधूनच तुटलेली बट तळहातावर घेऊन,
उधारी मागायला आलेल्या पोरासारखी.

चूक तिची नव्हती. म्हणजे होतीही.
मीच म्हटलं होतं, दोन्ही आजच उरक,
सरळही कर आणि मधाचा रंगही चढव,
गुरुवारी राजधानीत व्हिसाची मुलाखत आहे.
ती म्हणाली, मध्ये पंधरा दिवस जाऊ देत.
मी म्हटलं, पंधरा दिवसांनी दूतावास काय
सान पेद्रोला माझ्या दारात येणार आहे?
तिनं हातमोजे चढवले.

टाळू पेटली तेव्हा मी चाळीसपर्यंत आकडे मोजले.
आई असंच मोजायला लावायची,
हलू नकोस, सुंदर व्हायचंय ना.

काचेमागचा माणूस फोटोकडे बघायचा,
मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे.
तीन मिनिटं. एक छापील कागद.
परतीच्या बसमध्ये डोकं टेकलं ती पाठ
उतरताना पाहिली:
मधाच्या रंगाचे केस, मूठभर,
माझ्याआधीच परदेशी गेलेले.

केसानं गळा कापतात म्हणे.
माझा घाईनं कापला.

तेव्हापासून रविवारी दुपारी ती येते,
दुकानाचं शटर ओढून, न बोलावता.
पिशवीत दिराच्या झाडाचा अवोकाडो,
एरंडेलाची बाटली, रुंद दातांचा कंगवा.
नळाला पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी,
म्हणून मी तिच्यासाठी एक बादली झाकून ठेवते.

टोकांपासून वर यायचं, ती म्हणते,
मुळापासून ओढते ती बाई नव्हे, बैल.
अंडं महिन्यातून एकदा, जास्त लावलंस तर काड्या होतील.
उशीला सॅटिनची खोळ घाल.
आणि ड्रायरला हात लावलास
तर रस्त्यात भेटलीस तरी मी तुला ओळखणार नाही.

कंगव्यातले केस मोजून ती कॅलेंडरवर लिहिते.
त्रेसष्ट. अठ्ठेचाळीस. पन्नास, इथे तिनं शिवी दिली.
एकतीस.
एकदा तिच्या अॅप्रनच्या खिशात दोनशे पेसो सरकवले.
पुढच्या रविवारी ते जवसाच्या जेलची बरणी होऊन परत आले.
त्या दिवसाबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.
शेजारी रेडिओवर बेसबॉल चालू असतो,
तिचा भाचा खेळतो त्या संघाची हार
ती माझ्या डोक्यावर काढते, पण हलक्या हातानं.

आठव्या की नवव्या रविवारी
मानेपाशी तिची बोटं थांबली.
इकडे ये, म्हणाली, जसं काही मी दुसरीकडे कुठे होते.
एक आरसा पुढे, एक मागे.
काळे, बारीक, स्प्रिंगसारखे, बोटभरसुद्धा नसतील.
तिनं एक चिमटीत धरून ताणला
आणि सोडला.
परत आला.
पुन्हा ताणला, पुन्हा सोडला,
सात-आठ वेळा, आणि हसायला लागली,
मलाही दुखलं तरी हसू आवरेना.

हे कुणाचे गं?
तुझे, नाहीतर काय माझे?
मला आठवत नाहीत.
आठवायला तू सहा वर्षांची होतीस, ती म्हणाली,
आणि डबा उघडून तुझी आई उभी होती.

नवा अर्ज टेबलावर आहे.
फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा.
मिल्केयानं कात्री पुसली.
किती कापू?
मी करंगळीचं एक पेर दाखवलं.
तिनं आपला अख्खा हात दाखवला, मनगटापर्यंत.
मग बाजारात मासळीवरून होते तशी घासाघीस,
पेर, दोन पेरं, बोटभर, बोटभर आणि वर थोडं,
तेवढ्यात वीज गेली.
शेजारचा रेडिओ वाक्याच्या मध्येच बंद पडला.
अंधारात ती म्हणाली, हलू नकोस.
मग लगेच म्हणाली,
नाही, हल तू. हवी तेवढी हल.
मी थांबते.