निकेल, दोनाने भागून

दोन वाजून दहाला घंटा झाली
तेव्हा पुरवणीचा दोरा माझ्या बोटालाच गुंडाळलेला होता.
बाईंनी पेपर ओढून घेतला,
त्याच्यासोबत माझं एक वाक्य अर्धंच गेलं:
"म्हणून हे संयुग"
एवढंच.

फाटकाबाहेर गंगापूर रोडवर ऊन सांडलेलं.
रसवंतीच्या चाकाची घुंगरं वाजत होती,
रस मात्र आमच्यातलं कुणीच मागत नव्हतं.
बोरस्तेने प्रश्नपत्रिका स्कूटीच्या सीटवर पसरली,
चार कोपऱ्यांवर चौघांचे हात,
जणू ती वाऱ्याने उडाली
तर तीन तासांचा हिशोब द्यायला कुणी उरणार नाही.

"पहिल्यात ब."
"ब? मग मी क कुठून आणला?"
"हाफ लाइफ वीस, म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांना चाळीस मिनिटं."
"मी तीस लिहिलं," तन्वीर म्हणाला.
"तीस कसे?"
"वाटलं."
हे तो इतक्या शांतपणे म्हणाला
की हसायला आलेले सगळे थांबले.

त्याच्या शर्टाच्या खिशात हॉलतिकीट,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रबराने बांधलेली.
प्रत्येक उत्तरानंतर तो ते रबर ओढायचा, सोडायचा.
ब नाही. चाळीस नाही. कॉम्प्लेक्सचा रंग नाही.
लुकास टेस्ट तर त्याने सोडूनच दिली होती.

मग आला निकेलचा प्रश्न.
दोन अँपिअर, नऊशे पासष्ट सेकंद, किती ग्रॅम जमा होईल?
सगळ्यांनी कौमुदीकडे पाहिलं,
कारण धात्रकांची कौमुदी चुकत नाही,
तिच्या लॉगटेबललासुद्धा खाकी कव्हर असतं.
"एक पॉइंट एकशे चौऱ्याहत्तर," ती म्हणाली.
बोरस्ते म्हणाला, "माझंही."
आणि तन्वीरने रबर सोडलं.
"माझंही तेच आलंय! शप्पथ, तेच!"
त्याचा चेहरा असा झाला
की रसवंतीवाल्याने आपण होऊन विचारलं, "किती ग्लास?"

माझं शून्य पॉइंट पाचशे सत्त्याऐंशी होतं.
एका निकेलला दोन इलेक्ट्रॉन लागतात,
दोनाने भागायचं असतं.
मी भागलं होतं.

"तुझं गं?"
"तेच," मी म्हणाले.

तन्वीरसाठी म्हणाले, असं मला म्हणता येईल.
पण निम्मं त्याच्यासाठी,
आणि निम्मं त्या चौघांच्या हातांत
माझा पाचवा हात एकटा पडेल म्हणून.
रस गोड होता. आलं जरा जास्तच होतं.

अंबडच्या बसमध्ये तळहातावर पेनाने पुन्हा गणित केलं.
त्रिमूर्ती चौकात पुन्हा.
घामाने दशांशचिन्ह पुसलं गेलं,
आकडे राहिले.

पप्पा सातला आले.
त्यांच्या प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये
बाथरूमच्या नळांना चकाकी चढवतात,
नखांच्या कडांना हिरवट डाग, ते काही केल्या जात नाहीत.
"तुमचं निकेल आलं होतं पेपरात," मी म्हटलं.
"अरे वा! किती उतरलं मग?"
सांगितलं. खरं, भागलेलं.
ते हात धूत होते. नळ तसाच चालू ठेवून म्हणाले,
"एवढं नाही गं चढत.
थोडा करंट बुडबुडेच खाऊन टाकतात."

म्हणजे माझंही जास्तच.

रात्री तन्वीरचा मेसेज आला:
एक तरी बरोबर आला यार.
मी बराच वेळ काहीतरी टाइप करत होते,
तिकडे त्याला दिसत असेल
की मी लिहितेय, थांबलेय, पुन्हा लिहितेय.
शेवटी एक अंगठा पाठवला.

आत पप्पा अजून नखं घासत होते,
आई म्हणत होती, पुरे आता,
जेवायला बसा.