तिसरी डबी

मे महिन्याची दुपार. मानकापुरात पत्र्याखाली
मी कूलर बंद केला, पंखाही.
झुळूक लागली तरी काटा खोटं बोलतो.
काटा इतवारीतल्या सराफाचा, जुना;
त्यावर कुणाकुणाची मंगळसूत्रं तोलली असतील,
गहाण पडली असतील.
आता त्यावर छर्रे: शिशाचे, कमरेत बारीक,
मागून घागरा घातल्यासारखे.

चिमट्यानं उचलायचा. ठेवायचा. श्वास धरायचा.
शून्य पूर्णांक पाच तीन. पहिली डबी.
पाच तीन. पहिली.
पाच चार. दुसरी.
हा कडेला दबलाय, नखावरच्या पांढऱ्या ठिपक्याएवढा,
हा तिसरीत.
तिसरी डबी कुणाला द्यायची नाही.

बत्तीस वर्षं अंबाझरीच्या कारखान्यात
मी तोफगोळ्यांची रिकामी टरफलं तपासली.
गेज बसला तर खडूची फुली,
नाही बसला तर लाल रंग.
दारू भरायचे दुसऱ्या गावात,
उडायचे तिसऱ्याच मुलखात.
मी पास केलेलं कुठं पडलं,
कुणाच्या अंगणात की नुसत्याच बर्फात,
कधी कळलं नाही.
विचारायचंही नसतं.
चहाच्या सुट्टीत आम्ही बोनसबद्दल बोलायचो.

देवयानी पराते, वय सतरा, आई मेयोत नर्स.
रायफल पुण्याच्या कुण्या उंच पोराची, जुनी घेतलेली.
गालाखालची फळी मी कानशीनं घासली, तीन रविवार.
ती गाल टेकवायची, डोळा मिटायची, उघडायची.
"काका, अजून थोडंसं."
थोडंसं म्हणजे किती वं पोरी?
"पोळीच्या पापुद्र्याएवढं."
मला कळलं. माझा बाप कोष्टी;
मागावर तुटलेला धागा
दिवा न लावता बोटांनी शोधायचा.
तेच बोट माझ्याकडे आलं,
आणि त्याच बोटानं मी तिचा घोडा जुळवला:
मनात आलं की सुटावा,
येण्याआधी नाही.

जिल्ह्याची फायनल. शेवटचा छर्रा.
बाकीचे सगळे दहाच्या आसपास, मधमाश्यांसारखे गोळा,
आणि हा एकटाच आठ पूर्णांक सात,
डावीकडे, गर्दीत हात सुटलेल्या मुलासारखा.
ती जॅकेटचे बंद सोडत माझ्याकडे आली.
रडली नाही. फक्त विचारलं,
"काका, हा कोण्या डबीतला होता?"

मी म्हणालो, पहिली.

"मग माझाच श्वास चुकला," ती म्हणाली,
आणि वहीत लिहिलं: श्वास.
खाली दोन रेघा.

खरं सांगायचं तर मला माहीत नाही.
दिवाळीपासून उजव्या डोळ्यात दूध सांडल्यासारखं आहे.
आदल्या संध्याकाळी तीन झाकणं मेजावर उघडी होती,
तिन्ही लाल,
आणि मी अंदाजानं लावली.

तो कागद मी मागून घेतला.
रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलाय.
रात्री काढतो, दिव्यासमोर धरतो,
भोकातून बल्ब दिसतो.
बत्तीस वर्षं नोकरी, वर सात वर्षं ही;
पहिल्यांदाच कुणी आणून दाखवलं
माझं कुठं पडलं ते.

चार वाजता ती येईल.
पाण्याची बाटली, पाठीवर बॅग, उन्हानं लाल झालेले कान.
वही काढायला सांगायची आहे.
तो शब्द खोडायला सांगायचा आहे.
तिथं काय लिहायचं ते अजून ठरलं नाही.

तोवर ही डबी संपवतो.
पाच तीन.
पाच तीन.
पाच...

तीन की आठ?

छर्रा काट्यावर तसाच ठेवतो.
हात मांडीवर.
ती आली की विचारीन.