कारण : धूळ

वेसाव्याच्या किनाऱ्यावरचे माझे फोटो परत आले.
कारणं खाली दिलेली : सेन्सरवर धूळ, क्षितिज कललेले,
सावलीत दाणे, होडीवर वाचता येणारे नाव,
आणि बाईची लेखी संमती जोडलेली नाही.

क्षितिज कललेलं, हे कबूल.
मी होडीच्या काठावर उभा होतो,
होडी ओहोटीच्या वाळूत एका कुशीवर,
तिला कुणी ओळंबा लावला नव्हता.
एक अंश चार दशांश फिरवून सरळ केलं.
त्यात कडेचं एक कुत्रं
मागच्या पायांना मुकलं.

परळच्या स्टुडिओत एकवीस वर्षं
मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवली.
टोक असं की श्वाससुद्धा मान वळवून सोडायचा.
दाखवायच्या मुलींचे देवीचे व्रण बुजवले,
एका फौजदाराची डोळ्यांखालची सूज उतरवली,
आणि एका मेलेल्या माणसाला
घरच्यांनी फारच धरलं म्हणून
डोळे उघडून दिले.
तेव्हा कुणी कारण लिहून परत नाही पाठवलं.
फोटो हातात घ्यायचे, म्हणायचे,
हां. हेच आमचे नाना.

आता शंभर टक्क्यांवर बघतात.
भाचीनं मलाही शिकवलंय :
दोन बोटं फाकवली की बोंबलाचा डोळा
ताटलीएवढा होतो.
वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले ते शेकडो,
मागच्या रांगेतले धूसर.
धूसर चालतं म्हणे,
मुद्दाम केलेलं असेल तर.

होडीचं नाव पुसलं. 'गावदेवी कृपा' होतं,
पिवळ्यात, खाली रंगाऱ्याची तिरकी सही.
शेजारचा निळा उचलून त्यावर थापला.
ताडपत्रीवरची सिमेंट कंपनी घालवली,
पलीकडच्या इमारतीवरचं बिल्डरचं नाव घालवलं,
आकाशातले सहा ठिपके टिपले, एकेका टिचकीत.
मग उरला तो किनारा कुठलाही होता.
म्हणून शब्दांच्या रकान्यात
मी पहिला शब्द भरला : मुंबई.

संमतीचा कागद घेऊन पुन्हा गेलो.
मोतनबाई चिंचय बोंबील उलटत होत्या.
"मंजे मी कुठं कुठं जानार?"
कुठंही. बँकेच्या जाहिरातीत. जर्मनीतल्या दवाखान्याच्या भिंतीवर.
"आनि पैसं?"
विकला गेला तर मला वीसेक रुपये.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मीच त्यांना दोन बोंबील उधार मागितले असावेत.
सही मात्र केली, ठसठशीत, पदराला हात पुसून.

मग फोटो बघितला. बोट ठेवलं आकाशावर.
"घार कुठं गेली?"
कुठली घार?
"आवो, तिच्यासाठीच तर काठी उगारलेय मी.
ह्यात मी काय देवाला मारतेय काय?"

मला तो उगारलेला हात
छान वाटला होता, नुसता हात म्हणून.

रात्री मूळ फाइल काढली. चारशे टक्के.
पाच ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी,
काचेवर बसलेले, खरे धुळीचे.
सहावा सरकत होता.
एकात वलांडीच्या टोकावर, पुढच्यात जरा उजवीकडे,
कडा पिसकटलेल्या, पंख म्हटलं तर पंख.
त्याला परत बसवलं, जिथं होता तिथंच.
काठी आता कशावर तरी होती.

सहाव्या दिवशी उत्तर आलं.
क्षितिज ठीक. संमती ठीक. दाण्यांबद्दल अवाक्षर नाही.
कारण : धूळ.

त्या ठिपक्याला दोन पिसं जास्त काढून देता आली असती,
चोच थोडी वाकवून.
हात अजून स्थिर आहे माझा.
नाही काढली.
एक मोठी प्रत छापून घेतलीये, उद्या वेसाव्याला नेईन.
मोतनबाई होडीचं नाव विचारतील,
त्याचं काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.