गुरुवारचं सूप

हेरिंगची डोकी उडवण्यात सत्तावीस वर्षं गेली.
नंतर यूफेमिया झिंकची बोटं तशीच राहिली,
सुरीभोवती मिटलेली,
सुरी नसताना.

अख्खं बंदर तिला कवडीचुंबक म्हणे.
चहाची वापरलेली पिशवी
मोज्यांशेजारी दोरीवर वाळायची.
आई, त्याच कारखान्यातली, शेजारच्या पट्ट्यावरची,
कीव येऊन दर गुरुवारी सूप पाठवायची.
बरणी घासूनपुसून परत.
आईनं दिलेल्या जुन्या कोटाच्या अस्तरात अडकलेले
पस्तीस सेंटही परत आले, चिठ्ठीसकट:
"हे तुमचे."

फेब्रुवारीत ती गेली.
हॅलिफॅक्सहून वकील आला, बर्फ झटकत,
आणि चर्चच्या तळघरात त्यानं आकडा वाचला.
तेरा लाख डॉलर.
कुणाचा तरी कप बशीवर आपटला.
कारखान्यातल्या बायकांच्या हातांसाठी, लिहिलं होतं.
शस्त्रक्रिया, मलमं, लागेल ते.
कुणाला किती मिळालं, कुणी विचारू नये.

खोली आवरायला मी गेले होते.
भिंतीवरचा तापमापक बारावर.
उशीखाली संत्र्याची एक साल, कडकडीत वाळलेली,
वासापुरती.
तेवढं मला अजून गिळता येत नाही.
एखादा अंश तरी वाढवायचास, बाई.

आईची बोटं मे महिन्यात सरळ झाली.
तिनं चमचा धरला, उलटा केला, सुलटा केला,
आणि चिडलीच:
"वीस वर्षं माझं सूप फुकट खाल्लं त्या बयेनं!"
मग गुरुवार नसताना
भलंमोठं पातेलं चढवलं.